जंतू मेले, पण कशाने?

परीक्षेच्या आधीच्या महिन्यांत महाराष्ट्रातल्या कुठल्याही विज्ञान महाविद्यालयाच्या मायक्रोबायोलॉजी विभागात डोकवा. इन्क्युबेटरच्या फळ्यांवर पेट्री डिशच्या चवडी असतात आणि त्यांवर मार्करने लिहिलेलं असतं: तुळस, कडुनिंब, अडुळसा, दालचिनी, डाळिंबाची साल. कोणाचा एम.एस्सी.चा प्रकल्प, कोणाचं ‘आविष्कार’ स्पर्धेचं पोस्टर. पद्धत साधारण एकच. पानं सावलीत वाळवायची, मिक्सरमधून काढायची, मिथेनॉलमध्ये भिजत घालायची नाहीतर सॉक्सलेट उपकरणाला लावायची. द्रावक उडून गेलं की तळाशी काळपट-हिरवा चिकट गोळा उरतो, तो अर्क. अगारच्या प्लेटवर जिवाणूंचा स्वॅब फिरवायचा, कॉर्क बोररने भोकं पाडायची, त्यांत अर्काचं द्रावण सोडायचं. दुसऱ्या दिवशी जिवाणूंच्या धुरकट थरात, भोकाभोवती स्वच्छ गोल दिसला की ‘झोन आला!’ म्हणत पट्टी शोधायची धावपळ.

प्रयोगाबद्दल माझी काही तक्रार नाही. स्वस्त आहे, हाताला वळण लावणारा आहे, आणि घरच्या अंगणातलं झाड प्रयोगशाळेत आणताना मुलांना जो हुरूप येतो तो पुस्तकातल्या धड्याने येत नाही. तक्रार आहे ती त्या गोलाखाली लिहिल्या जाणाऱ्या वाक्याबद्दल: ‘सदर वनस्पतीत प्रभावी जिवाणूरोधक गुणधर्म आढळले.’ हे वाक्य पोस्टरवरून बातमीत जातं, बातमीतून साबणाच्या वेष्टनावर, आणि शेवटी घरच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘अँटिबायोटिकपेक्षा भारी’ होऊन येतं. गोल खोटा नसतो. पण तो सांगतो फार थोडं: या भोकातल्या कशाने तरी, या मात्रेला, या एका जिवाणूची वाढ थांबली. कशाने, किती मात्रेने, आणि माणसाच्या शरीरात ती मात्रा पोचेल का, हे विचारायचं राहून गेलं की पुढचे सगळे गैरसमज आपोआप उगवतात.

‘ज्याचा झोन मोठा, ते औषध जोरकस’

हा सगळ्यांत चिवट गैरसमज, आणि तो शिकल्यासवरल्यांतही आढळतो. झोन किती मोठा होईल हे दोन गोष्टींवर ठरतं: पदार्थ जिवाणूला किती जाचक आहे, आणि तो अगारमधून किती लांब पसरतो. पट्टीवर या दोन्हींची बेरीज मोजली जाते, वेगळं काही कळत नाही. टीपकागदावर शाईचा थेंब टाकला तर डाग भराभर पसरतो, तेलकट रंगाचा टाकला तर जागच्या जागी बसतो. अगार हे मुख्यतः पाणीच. पाण्यात विरघळणारे छोटे रेणू त्यात दूरवर जातात. तेलकट किंवा बोजड रेणू भोकाच्या काठाशीच अडकतात. त्यामुळे एखादा दुबळा पण चपळ पदार्थ मोठा झोन देतो आणि जालीम पण जड पदार्थ छोटा.

याचं उत्तम उदाहरण खुद्द रुग्णालयातलं आहे. कोलिस्टिन हे शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं प्रतिजैविक. त्याचा रेणू मोठा, अगारमध्ये नीट पसरत नाही. म्हणून कोलिस्टिनसाठी डिस्कच्या झोनवर विसंबू नका, द्रव माध्यमात मात्रा मोजूनच काढा, असं प्रयोगशाळांना सांगितलं जातं. ज्या पद्धतीचं निदान कोलिस्टिनच्या बाबतीत ग्राह्य धरत नाहीत, तिच्यावरून गवती चहाच्या तेलाचं मोठेपण ठरवण्यात अर्थ नाही.

पण मग रुग्णालयात झोन मोजतात ते कसं? त्यामागे १९६६ साली सिअॅटलच्या बाउअर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवलेली घडी आहे. माध्यम ठरलेलं, म्युलर-हिंटन अगार; थराची जाडी ४ मिलिमीटर; डिस्क ६ मिलिमीटरची; जिवाणूंचं द्रावण मॅकफार्लंड मापाने अर्ध्या अंशाइतकं गढूळ, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये सुमारे १५ कोटी जिवाणू; तापमान ३५ अंशांच्या आसपास, वेळ १६ ते १८ तास. डिस्कवर औषध किती मायक्रोग्रॅम, तेही ठरलेलं. एवढं बांधून घेतल्यावर त्या एका औषधाचा झोन रुग्णांच्या अनुभवाशी पडताळून ‘लागू’ की ‘निकामी’ अशी रेघ ओढली जाते. ती रेघ त्या औषधापुरतीच. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या तक्त्यातला आकडा जेन्टामायसिनला लावत नाहीत, मग आघाड्याच्या अर्काला कसा लावणार? वनस्पतींच्या अर्कासाठी असा तक्ताच नाही. ‘झोन १८ मिलिमीटर, म्हणून संवेदनशील’ असं लिहिलेलं दिसलं की समजावं, तक्ता दुसऱ्याच घरचा उसना आणलाय.

आणि तुलना! भोकात अर्क आणि शेजारी ‘पॉझिटिव्ह कंट्रोल’ म्हणून सिप्रोफ्लॉक्सासिनची डिस्क. अर्काचा झोन २० मिलिमीटर, औषधाचा २८, की निष्कर्ष तयार: ‘प्रमाणित प्रतिजैविकाशी तुल्यबळ.’ जरा हिशेब करू. अर्क बहुधा मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम या प्रमाणात विरघळवतात आणि भोकात ५० मायक्रोलिटर सोडतात. म्हणजे भोकात ५ मिलिग्रॅम, अर्थात ५००० मायक्रोग्रॅम अर्क. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या डिस्कवर औषध असतं ५ मायक्रोग्रॅम. हजार पट माल घेऊन मागेच राहिलेल्याला तुल्यबळ म्हणायचं हा कुठला न्याय? अर्थात अर्क म्हणजे शंभर पदार्थांची खिचडी, त्यात कामाचा पदार्थ चिमूटभर असेल, हे खरं. पण मग ते तसं लिहावं.

‘झोन आला म्हणजे जंतू मेले’ याचाही इथेच निकाल लावू. स्वच्छ भागात जिवाणू वाढले नाहीत एवढंच दिसतं. ते मेले की नुसते थबकले, हे पट्टीला कळत नाही. त्यासाठी द्रव माध्यमात मात्रा निम्मी-निम्मी करत जावं लागतं. ९६ खणांची प्लेट घ्यायची, पहिल्या खणात अर्क सर्वाधिक, पुढच्यात त्याच्या निम्मा, असं करत जायचं. ज्या सगळ्यांत कमी मात्रेला वाढ दिसत नाही ती ‘एमआयसी’. मग त्या स्वच्छ खणांतला थेंब बिनअर्काच्या ताज्या प्लेटवर ओढायचा. तिथे वसाहती उगवल्या तर जिवाणू जिवंतच होते. हजारातले ९९९ संपले तर मारलं म्हणायचं. वनस्पतींच्या अर्कांत एक जास्तीची कटकट असते: अर्क मुळातच हिरवा-तपकिरी आणि गढूळ, त्यामुळे वाढ झाली की नाही डोळ्यांना कळत नाही. त्यावर रेझाझुरीन नावाचा निळा रंग घालतात. जिवंत पेशी त्याला गुलाबी करतात. वर्गात पहिल्यांदा हा प्रयोग केला की मुलं झोनची पट्टी विसरतात, असा माझा अनुभव आहे.

‘मिलिलिटरला पाच मिलिग्रॅमला का होईना, पण काम करतंय ना?’

काम करतंय, पण कोणत्या भावात? सिप्रोफ्लॉक्सासिन ई. कोलायच्या प्रमाणित वाणाला मिलिलिटरमागे एका मायक्रोग्रॅमच्या शंभराव्या भागाच्या आसपास रोखतं. आपल्या प्रबंधांत ‘उल्लेखनीय’ म्हणून छापलेली अर्काची एमआयसी पुष्कळदा मिलिग्रॅममध्ये असते. २००५ साली रिऑस आणि रेसिओ या स्पॅनिश संशोधकांनी या क्षेत्रातल्या शोधनिबंधांचा आढावा घेऊन स्पष्ट लिहिलं, की अर्काची मात्रा मिलिलिटरला १ मिलिग्रॅमच्या वर आणि शुद्ध रसायनाची ०.१ मिलिग्रॅमच्या वर असेल तर असे प्रयोग टाळावेत. यापेक्षा कडक मापं लावणारेही आहेत. मला हे माप अवास्तव वाटत नाही.

कारण पुढचं गणित घरातलं कोणीही करू शकेल. समजा, अर्काची एमआयसी मिलिलिटरला १ मिलिग्रॅम आहे आणि संसर्ग रक्तात आहे. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त. तेवढी मात्रा गाठायची तर ५ ग्रॅम अर्क रक्तात हवा, आणि तोही सगळाच्या सगळा आतड्यातून शोषला जाऊन, यकृताने हात न लावता. अर्काचा उतारा दहा टक्के धरला तर ५० ग्रॅम वाळलेला पाला. एका वेळेला. औषध रक्ताबाहेर ऊतींमध्येही झिरपतं, हे तर अजून धरलंच नाही.

हळदीची गोष्ट याहून बोलकी आहे. हळदीतलं कुरक्युमिन स्टॅफिलोकॉकस ऑरियसला रोखतं हे खरं, पण त्यासाठी मिलिलिटरमागे शंभराहून अधिक मायक्रोग्रॅम लागतात, असे निष्कर्ष आहेत. आता तैवानमधल्या २००१ सालच्या एका चाचणीत माणसांना दिवसाला ८ ग्रॅम शुद्ध कुरक्युमिन तोंडावाटे दिलं गेलं. रक्तात ते पोचलं मिलिलिटरमागे एका मायक्रोग्रॅमहूनही कमी. हळदीत कुरक्युमिन साधारण तीन टक्के धरलं तर ८ ग्रॅम म्हणजे पाव किलोहून जास्त हळद. हळदीच्या दुधाचा पेला घेऊन झोपणाऱ्याने झोपावं, घसा शेकला जातो, बरंही वाटतं. फक्त त्या पेल्याने फुप्फुसातल्या जंतूंशी लढाई चालू आहे असं समजू नये.

जखमेवर, हिरड्यांवर, त्वचेवर मात्र हिशेब बदलतो. तिथे औषध थेट लावता येतं, मात्रा हवी तेवढी वाढवता येते. पानं कुटून जखमेवर बांधण्याची आणि दातांना बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी लावण्याची रीत याच जागांची आहे, हे सहज घडलेलं नसावं. प्लेटमधला मिलिग्रॅमचा आकडा इथे हास्यास्पद ठरत नाही. पण मग दुसरा प्रश्न उभा राहतो: त्याच मात्रेला आपल्या पेशींचं काय होतं? अर्क तांबड्या पेशी फोडतो का, त्वचेच्या पेशी मारतो का, हे त्याच आठवड्यात पाहता येतं. ब्लीचनेही सुंदर झोन येतो.

‘अर्काने रोखलं, म्हणजे वनस्पतीने रोखलं’

या गैरसमजाची सगळ्यांत मासलेवाईक गोष्ट ग्रेपफ्रूटच्या बियांची आहे. पपनसाच्या कुळातलं हे फळ. त्याच्या बियांचा अर्क ‘नैसर्गिक प्रतिजैविक’ म्हणून अमेरिका-युरोपात जोरात खपत होता. जिवाणू, बुरशी, सगळ्यांवर चालतो, असा गवगवा. प्लेटवर झोनही झकास. १९९९ साली जर्मन संशोधकांनी बाजारातली सहा उत्पादनं तपासली. पाचांनी जिवाणू रोखले. त्या पाचही बाटल्यांत बेन्झेथोनियम क्लोराइड सापडलं, म्हणजे सौंदर्यप्रसाधनांत आणि जंतुनाशकांत घालतात ते कारखान्यातलं रसायन. काहींत ट्रायक्लोसान आणि मिथाइल पॅराबेनही. सहाव्या बाटलीत असं काही नव्हतं, आणि तिने एकही जिवाणू रोखला नाही. संशोधकांनी स्वतः बिया आणून पाण्यात आणि अल्कोहोलमध्ये अर्क काढला, तोही निष्क्रिय. नंतर अमेरिकेतल्या तपासण्यांतही हेच हाती आलं. इतकी वर्षं ज्याला बियांचा चमत्कार म्हणत होते, तो टिकवणीच्या रसायनाचा होता. झोन अगदी खरा होता, नाव तेवढं दुसऱ्याचं.

आपल्याकडे बाजारातून आणलेला तयार अर्क किंवा आसव घेऊन प्रयोग करणाऱ्यांनी ही गोष्ट बाकावर चिकटवून ठेवावी. आसव-अरिष्टांत तर आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतंच. त्याचा वाटा वेगळा काढल्याशिवाय ‘अरिष्टाचा झोन’ हा शब्दप्रयोग पोकळ आहे. तसंच द्रावकाचं. अर्क डीएमएसओमध्ये किंवा इथेनॉलमध्ये विरघळवला असेल तर शेजारच्या भोकात नुसतं तेच द्रावक, तेवढंच, टाकायला हवं. हा कंट्रोल ठेवलेला असतो, पण कधीकधी त्यातला छोटासा झोन ‘नगण्य’ म्हणून सोडून दिला जातो.

आम्ल हा आणखी एक बहुरूपी. कोकम, चिंच, आवळा, लिंबू यांचा पाण्यातला अर्क सपाटून आंबट असतो. बहुतेक रोगजंतूंना तेवढा आंबटपणा मानवत नाही. अर्काचं आम्ल उतरवून पुन्हा पाहिलं आणि झोन नाहीसा झाला, तर मिळालेला शोध कोकमाचा नव्हता, आंबटपणाचा होता. त्यासाठी लोणच्याची बरणी पुरेशी होती. हिरडा, खैर, डाळिंबाची साल यांत टॅनिनं भरपूर. टॅनिन कुठल्याही प्रथिनाला चिकटतं, जिवाणूच्या आणि आपल्याही. म्हणून तर ते कातडी कमावायला वापरतात. प्लेटवर ते नेहमी जिंकतं. तोंडात किंवा जखमेवर त्याचा उपयोग असू शकतो, पण गोळीतून पोटात गेल्यावर ते वाटेतल्या पहिल्या प्रथिनाला बिलगतं आणि तिथेच थांबतं. कुरक्युमिनचीही ख्याती अशीच. २०१७ साली औषधरसायनतज्ज्ञांच्या एका मोठ्या आढाव्यात त्याची गणना चाचण्यांना फसवणाऱ्या रेणूंत झाली: रंगाने, चमकेने, विघटनाने ते मोजमापातच ढवळाढवळ करतं.

‘हळदीचं पेटंट आपण परत मिळवलं, म्हणजे हळद सिद्ध झाली’

हे वाक्य भाषणांत हमखास टाळ्या घेतं. घडलं ते असं. मार्च १९९५मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं अमेरिकन पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे महासंचालक असताना संस्थेने हे पेटंट फेरतपासणीला लावलं, सोबत ३२ संदर्भ जोडले, त्यांत इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ सालचा लेखही होता. ऑगस्ट १९९७मध्ये पेटंट रद्द झालं.

पण तिथे वाद एकाच मुद्द्यावर होता: हे नवीन आहे का? आपण दाखवलं ते इतकंच, की भारतीयांना हे आधीपासून माहीत आहे. हळद किती परिणामकारक, किती मात्रेला, कोणत्या जंतूवर, हा प्रश्न पेटंट कार्यालयाने सोडवला नाही आणि त्याचं ते कामही नव्हे. लढाई महत्त्वाची होती, त्यातून पारंपरिक ज्ञानाची डिजिटल नोंदवही उभी राहिली. पेटंटच्या निकालातून औषधशास्त्राचा पुरावा काढणं मात्र न्यायालयाच्या निकालातून कोलेस्टेरॉलचा आकडा काढण्यासारखं आहे.

‘प्रयोगशाळेत तपासला तो आजीचाच काढा’

आजी पाण्यात उकळते. प्रयोगशाळा बहुतेकदा मिथेनॉल वापरते, कारण त्यात जास्त प्रकारचे रेणू उतरतात. मिथेनॉल आजीच्या घरात नसतं हे बरंच आहे. ते विष आहे. पण मग एकाच पानाचे हे दोन अगदी वेगळे पदार्थ झाले. मिथेनॉलच्या अर्काचा झोन काढ्याच्या नावावर मांडता येत नाही, आणि पाण्याच्या अर्काला झोन आला नाही म्हणून पान निकामीही ठरत नाही.

उष्णतेचं तर विचारूच नका. लसणातलं अॅलिसिन १९४४ साली कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी वेगळं काढलं, जिवाणूंवर त्याचा प्रभावही दाखवला. पण अख्ख्या पाकळीत अॅलिसिन नसतंच. पाकळी ठेचली की एक विकर आणि एक निराळा पदार्थ एकत्र येतात आणि अॅलिसिन तयार होतं. पाकळी आधी गरम केली तर विकरच मरतं. त्यामुळे ठेचून ताजा घेतलेला लसूण झोन देतो आणि तासभर सॉक्सलेटमध्ये शिजलेला बहुधा देत नाही. चीनच्या तू यूयू यांचीही अडचण हीच होती. त्यांचं काम हिवतापावरचं, म्हणजे जिवाणूवरचं नव्हे, परजीवीवरचं. पण धडा तोच. चिंगहाओ वनस्पतीचे उकळून काढलेले अर्क कधी लागू पडायचे, कधी नाही. चौथ्या शतकातल्या गे हाँगच्या ग्रंथात ती वनस्पती पाण्यात भिजवून पिळून घ्यायला सांगितलं होतं. त्यावरून त्यांनी कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरलं, १९७१ साली अर्क चालला, पुढे आर्टेमिसिनिन मिळालं आणि २०१५ साली नोबेल. जुन्या ग्रंथाने त्यांना औषधाचं नाव दिलं, त्याहून मोलाची कृती दिली. आपल्याकडे ग्रंथातलं नाव उचलतात आणि कृती सोडतात, हे मला खटकतं.

नावाचाही भरवसा नसतो. रस्त्याकडेला सरळ उंच वाढणारा, लांब पानांचा तो अशोक म्हणजे औषधी अशोक नव्हे. सीतेचा अशोक वेगळा, त्याला केशरी फुलांचे घोस येतात. सालीच्या बाजारात पहिल्याची साल दुसऱ्याच्या नावाने खपते हे वनस्पतिशास्त्रात जुनं दुखणं आहे. ब्राह्मी, शंखपुष्पी ही नावं प्रांताप्रांतात निराळ्या झाडांना चिकटलेली. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले, तेव्हा आयुष मंत्रालयाने घेतलेला आक्षेप हाच होता, की ती वनस्पती नेमकी गुळवेलच होती का हे तपासलेलं नाही. आक्षेप योग्य होता. फक्त तो नेहमी दोन्ही बाजूंनी लावावा: जिथे गुण आल्याचा दावा असतो तिथेही. पुण्यात बोटॅनिकल सर्व्हेचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, आघारकर संस्था आहे, मुंबईत झेवियर्समध्ये ब्लाटर हर्बेरियम आहे. फांदी नेऊन ओळख पक्की करून घ्यायची, वाळवलेला नमुना क्रमांकासह जपून ठेवायचा, हे फार खर्चाचं काम नाही. जिवाणूंबाबत आपण हे इमानेइतबारे करतो, पुण्याच्या एनसीआयएमकडून किंवा चंडीगढच्या एमटीसीसीकडून क्रमांकाचं कल्चर आणतो. पाला मात्र मंडईतून.

‘वनस्पतींची जंतूंना सवय लागत नाही’

लागण्याचा प्रश्नच येत नाही, पुष्कळांना ती आधीच आहे. वनस्पती आणि जिवाणू कोट्यवधी वर्षं एकत्र नांदतायत. दारुहळदीतलं बर्बेरिन स्टॅफिलोकॉकसच्या पेशीत शिरतं खरं, पण पेशीच्या पडद्यातला ‘नॉर-ए’ हा पंप त्याला उपसून बाहेर टाकतो. ई. कोलाय आणि स्यूडोमोनास यांच्याकडे तर असे पंप आहेतच, वर बाहेरून आणखी एक पडदा. म्हणूनच बहुतेक अर्क स्टॅफवर चालतात आणि या दोघांपुढे हात टेकतात. २००२ साली एका अमेरिकी गटाने हे पंप बंद पाडून पाहिलं, तर आधी निकामी वाटलेली कितीतरी वनस्पतिजन्य रसायनं एकाएकी जालीम ठरली.

‘झोन नाही, म्हणजे औषध थोतांड’

आता उलटा गैरसमज, आणि तो आमच्या विज्ञानवाल्यांचा. १९३२ साली जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी प्रॉन्टोसिल हा लाल रंग जंतूंनी ग्रासलेल्या उंदरांना दिला आणि उंदीर वाचले. तोच रंग परीक्षानळीतल्या जंतूंवर ओतला तर त्यांना काहीच होत नव्हतं. प्लेटवर विसंबले असते तर पहिलं सल्फा औषध कचऱ्यात गेलं असतं. १९३५ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत उलगडा झाला: शरीरात प्रॉन्टोसिल तुटतं आणि त्यातून सल्फानिलमाइड निघतं, खरं काम ते करतं. पोटात गेल्यावर बदलणारी वनस्पतींची रसायनं थोडीथोडकी नाहीत. ती प्लेटला कधीच दिसणार नाहीत.

शिवाय जंतूला न मारताही त्याची खोड मोडता येते. बर्बेरिनच घ्या. एमआयसीपेक्षा कमी मात्रेत स्ट्रेप्टोकॉकस जिवंत राहतो, पण त्याचं पेशींना चिकटणं कमी होतं, असं १९८८ साली दिसलं. त्याच्या एक वर्ष आधी बांगलादेशात ई. कोलायमुळे जुलाब होणाऱ्या रुग्णांना बर्बेरिन दिलं होतं आणि जुलाबाचं प्रमाण घटलं होतं. ही नीट चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी होती. तिथे जंतू मारले जाण्यापेक्षा आतड्यातून पाणी सुटणं कमी झालं असावं, असं मानलं जातं.

आणि मिश्रणं. इंग्लंडमध्ये दहाव्या शतकातल्या एका हस्तलिखितात डोळ्यांच्या लेपाची कृती आहे: लसूण, कांद्याच्या जातीचं आणखी एक झाड, दारू आणि बैलाचं पित्त, सगळं नऊ रात्री मुरवायचं. २०१५ साली नॉटिंगहॅम विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि जुन्या इंग्रजीच्या अभ्यासकांनी मिळून ती कृती शब्दशः केली, आणि तिने औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफची चिकट साय, म्हणजे बायोफिल्म, मोडली. २०२० साली त्यांनी एकेक घटक वगळून पाहिला. सुटे तरंगणारे जंतू मारायला लसणाचं अॅलिसिन पुरत होतं. सायीसाठी मात्र सगळे घटक लागत होते.

असं एकेक वगळण्याचं काम आपल्या सुंठ-मिरी-पिंपळीच्या त्रिकटूवर व्हायला हवं, आणि थोडं झालंही आहे. जम्मूच्या सीएसआयआर प्रयोगशाळेने मिरी-पिंपळीतल्या पिपरिनवर वर्षानुवर्षं काम केलं. २००६ साली त्यांनी दाखवलं, की पिपरिन जोडीला असलं तर सिप्रोफ्लॉक्सासिन कमी मात्रेत स्टॅफला रोखतं. त्यामागे तो ‘नॉर-ए’ पंपच अडवला जातो. २००९ साली क्षयासाठी रिफाम्पिसिनची एक गोळी भारतात आली. तिच्यात रिफाम्पिसिन ४५० मिलिग्रॅमच्या जागी २०० मिलिग्रॅम आणि सोबत १० मिलिग्रॅम पिपरिन. क्षयाचे जंतू मारायला ते पिपरिन घातलेलं नाही. रिफाम्पिसिन रक्तात जास्त पोचावं म्हणून घातलंय.